एमजीबी दर उन्हाळ्यात तापते: ७४, ८२ की ८८, नाशिकला थर्मोस्टॅट कुठला टाकायचा

ज्यांच्याकडे एमजीबी, एमजीए किंवा त्याच काळातली कुठलीही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मार्च लागला की दरवर्षी मला तेच फोन सुरू होतात, नाशिकला द्वारका चौकाच्या सिग्नलवर काटा वर गेला, मुंबई नाक्याला उकळी मारली, मिस्त्री म्हणतोय थर्मोस्टॅटचा वॉल (झडप) काढून टाकू, काढू का? नका काढू. आधी हे वाचा, मग गाडीला हात लावा.

माझी गाडी १९६७ ची एमजीबी रोडस्टर, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, पंखा बेल्टवर चालणारा. माझ्याकडे येऊन ११ वर्षं झाली आणि त्यातली पहिली चार याच दुखण्यात गेली. सकाळी सहाला गंगापूर रोडने धरणापर्यंत जाऊन आलो की गाडी एकदम शांत, आणि तीच गाडी एप्रिलमधे दुपारी द्वारकेच्या फ्लायओव्हरखाली अडकली की पाच-सात मिनिटांत काटा २३० फॅरेनहाइटकडे (११० डिग्री सेल्सियस) निघायचा, बॉनेटखालून कूलंटचा गोडसर वास यायचा, आणि मी गाडी बाजूला लावून पाऊण तास सावली शोधत उभा. थंडीत मात्र बरोबर उलटं. डिसेंबरमधे पहाटे ओझरच्या बाजूला हायवेला ८० ने चाललं की काटा वर यायचं नावच घेत नव्हता, हीटर लावला तर कोमट हवा, चोक (गार इंजिनला जास्त पेट्रोल देणारा खटका) लवकर आत ढकलता येत नव्हता. एकच गाडी उन्हाळ्यात तापते आणि थंडीत गरम होत नाही हे ऐकून दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतात, मलाही वाटले होते, पण त्यातला थंडीचा प्रॉब्लेम आम्हीच उन्हाळ्याच्या प्रॉब्लेमवर उपाय म्हणून तयार केला होता.

झालं असं की पहिल्याच उन्हाळ्यात एका गॅरेजला थर्मोस्टॅट काढून टाकला होता. आपल्याकडे ही सवय जुनी आहे, ट्रक, ॲम्बॅसेडर, जीप, काहीही तापलं की पहिला वॉल काढायचा. त्या मिस्त्रींचा हेतू वाईट नव्हता, पूर्वी चांगला थर्मोस्टॅट सहज मिळत नसे आणि अडकलेल्या थर्मोस्टॅटने हेड पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं गॅस्केट) उडण्यापेक्षा नसलेला बरा असा तो हिशोब होता. पण माझ्या गाडीचं द्वारकेचं दुखणं त्याने तसूभरही कमी झालं नाही, वर थंडीत इंजिन कायम गार राहायला लागलं. ॲव्हरेज लिटरला नऊवरून सातवर आलं, आणि ऑइलच्या टोपीच्या आतून पांढरट लोण्यासारखा थर जमायला लागला. तो बघून हेड पॅकिंग गेलं असं मला एकाने सांगितलं आणि मी हेड उघडायच्या तयारीत होतो. पॅकिंग शाबूत होतं. इंजिन पुरेसं गरमच होत नसल्याने आतली वाफ बाहेर जात नव्हती, एवढंच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

आता थर्मोस्टॅट करतो काय ते नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. हेडच्या पुढच्या टोकाला हाउसिंगमधे बसलेली ती एक झडप आहे. आत मेणाने भरलेली पितळी डबी असते, मेण तापून वितळलं की फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. इंजिन गार असताना झडप बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर गरम होतं. ठरलेल्या तापमानाला झडप उघडायला लागते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. डबीवर किंवा कडेला जो आकडा छापलेला असतो, ७४, ८२ किंवा ८८, तो झडप उघडायला *सुरुवात* होण्याचा आकडा आहे. पूर्ण उघडायला त्याच्या वर अजून दहा-पंधरा डिग्री लागतात.

म्हणजे काय, तर थर्मोस्टॅट खालची हद्द ठरवतो, वरची नाही. द्वारकेला काटा १०० डिग्रीच्या वर गेलेला असताना ७४ चा असो, ८२ चा असो की ८८ चा, तिन्ही केव्हाच सताड उघडलेले असतात. तिथून पुढे सगळं रेडिएटर, पंखा आणि पंपावर. ८२ काढून ७४ टाकला तर सिग्नलवर तुम्हाला दोन-तीन मिनिटं उसनी मिळतात कारण सुरुवात थोड्या गार पाण्यापासून होते, पण रेडिएटर उष्णता फेकू शकत नसेल तर काटा जिथे पोचायचा तिथे पोचतोच. हे मी ऐकून सांगत नाहीये, मी दोन वर्षं मार्चमधे ७४ आणि नोव्हेंबरमधे ८२ अशी अदलाबदल केलीये, द्वारकेला फरक पडला नाही.

अजून एक गोष्ट सगळीकडे ऐकू येते, की थर्मोस्टॅट काढला तर पाणी इतक्या जोरात पळतं की त्याला रेडिएटरमधे गार व्हायला वेळच मिळत नाही. हे बरोबर नाही. पाणी पुन्हा पुन्हा फिरतंय, जोरात फिरलं तर उष्णता जास्तच जाते, कमी नाही. पण थर्मोस्टॅट काढून काही गाड्या खरोखर जास्त तापतात हेही खरं, आणि त्याचं कारण वेगळं आहे. त्या अडथळ्यामुळे पंपाच्या पुढे, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या आत, थोडा जास्तीचा दाब तयार होतो आणि एक्झॉस्ट वॉलच्या आसपास जिथे लोखंड सगळ्यात गरम असतं तिथे पाण्याची वाफ धरायला तो दाब अडवतो. अडथळा गेला की तो दाब जातो आणि तिथे बुडबुडे धरतात. म्हणून तर रेसिंगवाले या इंजिनात थर्मोस्टॅट काढला तर त्या जागी ब्लँकिंग स्लीव्ह, म्हणजे तेवढा अडथळा ठेवणारी बांगडी, घालतात, नुसतं रिकामं भोक कोणी जाणता माणूस ठेवत नाही.

मग तापतेय कशाने? इथे पाना उचलायच्या आधी एकच प्रश्न, गाडी *कधी* तापते. उभी असताना, ट्रॅफिकमधे तापते आणि चालायला लागली की काटा खाली येतो, तर प्रश्न हवेचा आहे, पंखा, बेल्ट, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा. याउलट गावात ठीक आणि इगतपुरीकडे येताना कसारा घाट चढताना किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना तापते, तर प्रश्न पाण्याच्या प्रवाहाचा किंवा इंजिनचा आहे, रेडिएटरच्या नळ्या आतून भरल्यात, खालचा होज जास्त आरपीएमला चिपकतोय, स्पार्कचं टायमिंग मागे आहे, मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे. गाडी सकाळी चालू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच काटा झपकन वर आणि हात लावून बघितलं तर वरचा होज गार, तर तिथे मात्र थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा हवा धरलीये. आणि वरचा होज सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो, मधे कुठे एकदम गरम होतच नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा आत नाहीचे. जुनी गाडी नवीन घेतली असेल तर ही शेवटची टेस्ट नक्की करा, आत थर्मोस्टॅट नसलेल्या कितीतरी गाड्या आपल्याकडे फिरतायत आणि मालकाला पत्ता नाही.

त्याच्याही आधी काट्यावर विश्वास ठेवायचा का ते ठरवा. माझ्या गाडीला बारीक तांब्याच्या नळीचा जुना काटा आहे, त्यावर फॅरेनहाइटमधे ९०, १९० आणि २३० लिहिलंय. मधला १९० म्हणजे आपले ८८ डिग्री. ८२ चा थर्मोस्टॅट असलेली निरोगी गाडी उन्हाळ्यात मधोमध किंवा जरा पुढे राहणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. माझ्याकडे आलेल्या निम्म्या फोनमधे गाडी तापलेलीच नसते, काटा मध्याच्या पुढे गेला एवढंच झालेलं असतं. नंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रिक काटा आहे आणि तो १० व्होल्टच्या स्टॅबिलायझरवर चालतो, त्याचं अर्थिंग गेलं की काटा जास्त दाखवतो. याची खूण सोपी आहे, टेम्परेचरबरोबर पेट्रोलचा काटाही नेहमीपेक्षा वर दिसत असेल तर इंजिनला हात लावू नका, स्टॅबिलायझर बघा.

इन्फ्रारेडची गन आता स्वस्तात मिळते, ती घ्या. फक्त थर्मोस्टॅट हाउसिंग चकचकीत ॲल्युमिनियमचं असेल तर गन कमी आकडा दाखवते, त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि टेपवर नेम धरायचा. रेडिएटरवरही वरची टाकी आणि खालची टाकी असं मोजा आणि मग मधल्या जाळीवर डावीकडून उजवीकडे फिरवत न्या. माझ्या रेडिएटरचा उजवा एक तृतीयांश भाग बाकीच्यापेक्षा १८-२० डिग्री गार होता. गार म्हणजे चांगलं नव्हे, तिथून पाणी जातच नव्हतं.

इथे नाशिकचं पाणी आलं. गाडी आधी ज्यांच्याकडे होती त्यांच्या मळ्यात बोअरचं पाणी, तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमधे, कूलंट शून्य. बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत आतून बसतात, बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो ना तोच. ब्लॉकमधे तर त्याहून वाईट, गंज आणि क्षार मिळून मागच्या बाजूला, चार नंबर सिलेंडरच्या भोवती गाळ साचतो. ब्लॉकच्या बाजूला पाणी सोडायचा कॉक असतो तो मी उघडला तर थेंब आला नाही. कॉक पूर्ण काढून जाड तारेने भोकात खरवडलं तेव्हा विटकरी रंगाचा चिखल निघाला, चहाचे दोन कप भरतील इतका. वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) काढून, नळाचा पाइप लावून दोन्ही बाजूंनी धुतलं, रेडिएटरची वरची-खालची टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई घालून सफाई, करून घेतलं. माझा प्रॉब्लेम खरा सुटला तो या दिवशी. थर्मोस्टॅटने नाही.

पंख्याबद्दल एक सांगायला हवं. कॉलेज रोडच्या एका स्नेह्यांची गाडी, पंप बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून सिग्नलला उकळी. तीन वेगवेगळे थर्मोस्टॅट घालून झाले होते. मी गेलो, इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या पुढून जाळीवर कागदाचा तुकडा धरला, तो जाळीला चिकटायला हवा, तो हलकेच पडत होता. पंख्याची पाती पंप बसवताना उलटी बसली होती. अर्ध्या तासाचं काम, तेही रेडिएटर न उतरवता. कागदाची ही टेस्ट फुकट आहे, प्रत्येकाने करावी.

मग रेडिएटरची टोपी. तिला लोक झाकण समजतात पण ती वॉलच आहे, आत दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, इथे साधं पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं. टोपी ७ पौंडाची (दर चौरस इंचाला तेवढा दाब धरणारी) चांगली असेल तर ते ११० पर्यंत उकळत नाही, १० पौंडाची असेल तर ११३-११४ पर्यंत. टोपीचं रबर कडक झालं, स्प्रिंग मेली, की तुम्ही परत ९८ वर. तेव्हा काटा १०० ला गेला आणि गाडीने पाणी फेकलं, यात थर्मोस्टॅटचा काय दोष? पण म्हणून १५ पौंडाची टोपीही लावू नका, पन्नास वर्षांच्या झाळलेल्या रेडिएटरचा आणि हीटरच्या जाळीचा सांधा त्याने फुटतो. गाडीला जी दिली होती तीच, पण नवी.

आता जुना थर्मोस्टॅट तपासायचा कसा. स्वयंपाकघरातलं जुनं पातेलं, पाणी, जाम करायला वापरतात तसला थर्मामीटर. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबता ठेवायचा, बुडाला टेकता कामा नये, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं आणि आकडा चुकतो. झडपेच्या फटीत दुसरा दोरा अडकवून त्यावरच थर्मोस्टॅट लटकवला तर अजून छान, झडप उघडायला लागली की थर्मोस्टॅट सुटून खाली पडतो आणि त्या क्षणाचं तापमान लिहून घ्यायचं. ७४ चा ७२ ते ७६ मधे पडला तर चांगला. आणि हे लक्षात ठेवा, ८८ चा पूर्ण उघडलेला तुम्हाला नाशिकला पातेल्यात दिसणारच नाही, त्याला १०० च्या आसपास लागतात आणि आपलं पाणी ९८ च्या वर जात नाही. तो अर्धा उघडलेला बघून खराब म्हणून फेकू नका. नवा आणला तरी टेस्ट करूनच घाला, मी एकदा ८२ छापलेला नवा आणला होता तो ८९ ला उघडत होता.

जुन्यातला जुना असेल तर मेणाच्या डबीऐवजी पितळी भात्याचा, म्हणजे बेलोजचा निघेल. दिसायला सुंदर, पण त्याचं उघडणं पाण्याच्या दाबावर थोडं अवलंबून असतं, म्हणून दाबाच्या सिस्टिमला मेणाचाच बरा. मरताना मात्र दोघांची तऱ्हा वेगळी, भाता फुटला तर झडप उघडी राहते, मेणाची डबी गळाली तर स्प्रिंग झडप बंद करून टाकते. म्हणजे मेणाचा थर्मोस्टॅट वय झाल्यावर धोका देतो तो बंद होऊनच. पाच-सहा वर्षांनी, चालतोय तोवरच, बदलून टाका.

मग नाशिकला कुठला? या इंजिनासाठी कंपनीने तीन आकडे दिले होते, नेहमीसाठी ८२, गरम प्रदेशासाठी ७४, थंड प्रदेशासाठी ८८. ते वाचून सगळे म्हणतात भारत गरम देश, ७४ घाला. पण आपल्याकडे एप्रिल-मेमधे दुपारी ४० आणि त्याच्या वर, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली, निफाडकडे तर त्याहून बराच खाली, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते. आणि या गाड्या आपण चालवतो कधी? रविवारी पहाटे, मिसळ खायला, त्र्यंबकला, थंडीत जास्त आणि उन्हाळ्यात कमी. त्यासाठी माझं स्पष्ट मत ८२. बाराही महिने. ऑइल नीट गरम होतं, आतली वाफ आणि ऑइलमधे उतरलेलं पेट्रोल उडून जातं, चोक लवकर आत जातो, सिलेंडरची झीज कमी. ७४ घालून गाडीचं काही वाईट होत नाही, ज्यांची गाडी फक्त गावातच आणि उन्हाळ्यातही रोज चालते त्यांनी घालावा, मी अडवणार नाही. ८८ मात्र इथे नको. बाहेरून मागवताना पुष्कळदा तोच पाठवतात, पाकीट फोडल्याबरोबर आकडा बघा.

सुटा भाग शोधताना साइज ५४ मिलिमीटर बाहेरचा व्यास. इथे एक सोय आहे जी फार लोकांना सुचत नाही, आपल्या पेट्रोल ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं इंजिन एकाच घरातली भावंडं, बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज. पहिल्या एमजीएमधे तर १४८९ सीसीच होतं. म्हणून ॲम्बॅसेडरचे जुने स्पेअर विकणाऱ्याकडे आधी विचारा, व्हर्नियर घेऊन जा, व्यास आणि कडेची जाडी दोन्ही मोजा, डबी किती खोल जाते तेही जुन्याशी लावून बघा. माझा सध्याचा तिथूनच मिळालाय. पण हे आंधळेपणाने दुसऱ्या गाड्यांना लावू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की त्याचीच खालची बांगडी बायपासचं भोक बंद करते, सुरुवातीच्या एमजीएला तसा होता, जॅग्वारच्या ३.८ लिटरच्या एक्सके इंजिनालाही तसाच लागतो. तिथे बिनबांगडीचा घातला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून परत इंजिनात जात राहतो आणि ७४ चा घालूनही गाडी गरमच. काढलेल्या जुन्याला ही बांगडी होती का एवढं बघून ठेवा, तो फेकून देऊ नका.

बसवताना घाई नको. हाउसिंगला तीन नट आहेत, अर्ध्या इंचाचा पाना लागतो, १३ चा लावाल तर थोडा सैल बसतो आणि नट गोल होतो. ॲल्युमिनियमचं हाउसिंग लोखंडी स्टडला गंजून धरलेलं असतं, आदल्या दोन दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडायचं तेल सोडा, मग लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोका. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की हाउसिंग फुटतं किंवा स्टड तुटतो, आणि तुटलेला स्टड हेडमधून काढणं हे थर्मोस्टॅटच्या दहापट काम आहे. थर्मोस्टॅट बसताना डबी आणि स्प्रिंग खाली, इंजिनच्या बाजूला. उलटा बसला तर मेणाला गरम पाणी लागतच नाही, तो उघडत नाही. कडेला जी छोटी हलणारी पिन असते ती हवा सुटायला असते. पिन नसेल तर कडेच्या पट्टीत ३ मिलिमीटरचं एक भोक पाडून घ्या. पॅकिंग कागदाचं नवं, दोन्ही तोंडं खरवडून साफ, शेलॅक (सांधा बंद करणारा चिकट लेप) लावायचंच असेल तर बोटाने पातळ, ओघळ आत पडता कामा नये.

पाणी भरताना हीटरचा वॉल उघडा ठेवा, गाडीचं नाक चढावर किंवा पुढची चाकं फळ्यांवर, आणि हळूहळू भरा, मधे मधे वरचा होज दाबून हवा काढा. एमजीबीत साडेपाच-सहा लिटर बसतं, चारच लिटरमधे भरल्यासारखं दिसलं तर आत हवा आहे. डिस्टिल्ड वॉटर आणि साधारण एक तृतीयांश कूलंट पुरे, आपल्याकडे पाणी गोठत नाही, कूलंट गंजासाठी हवं, आणि निम्मं-निम्मं केलं तर मिश्रणाची उष्णता वाहून न्यायची ताकद उलट थोडी कमी होते. दोन ट्रिपनंतर, गाडी पूर्ण गार झाल्यावर, लेव्हल परत बघा.

एवढं सगळं करूनही कोणी म्हणालं की सिग्नलवर बंद पडते आणि गरम असताना परत चालू होत नाही, तर काटा किती होता ते आधी विचारा. काटा मधे असेल तर ते पाणी नाही, पेट्रोल आहे. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलमधे ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरला मिक्स्चर लीन पडतं, लीन चाललेलं इंजिन जास्त तापतं, आणि फ्लोट बाउलमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल गरमीने उडतं ते वेगळंच. एसयू कार्बोरेटरच्या जेटचा नट एक-दोन फ्लॅट (नटाच्या सपाट बाजू) खाली फिरवून प्लगचा रंग बघा, टायमिंग लाइट लावून बघा, कार्बोरेटरच्या खालची उष्णता अडवणारी पत्र्याची शीट जागेवर आहे का बघा. ती बऱ्याच गाड्यांतून गायब आहे.

रॉडिंग, ब्लॉकची सफाई, नवी १० पौंडाची टोपी आणि ८२ चा थर्मोस्टॅट घातल्यानंतरच्या मे महिन्यात मी मुद्दाम दुपारी एकला द्वारकेला गेलो. अकरा मिनिटं अडकलो, घड्याळ लावून बसलो होतो. काटा १९० च्या पुढे गेला, २१० च्या जवळ थांबला, टेपवर गनने ९८ दाखवले, आणि पाथर्डी फाट्यापर्यंत परत १९० वर आला. जानेवारीत त्याच गाडीने पहाटे वणीला गेलो, सात-आठ मिनिटांत काटा जागेवर, हीटरला खरी गरम हवा. आता डिकीत पान्यांच्या पिशवीबरोबर टेस्ट केलेला एक ८२, एक पॅकिंग आणि दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर कायम असतं, दर दिवाळीला टोपीचं रबर बघतो आणि ब्लॉकचा कॉक उघडून पाणी स्वच्छ येतंय का ते बघतो.